एल्कसाठी पहिली रायफल: मॅग्नमच घ्यायला हवी का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या वाचक भगिनी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये राहतात, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. वय ३९, उंची पाच फूट तीन इंच, ग्रीन कार्ड आहे. माहेरी आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बाराबोरची बंदूक होती, पण त्यांनी ती कधी हातात घेतली नव्हती. गेल्या वर्षी त्यांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला, रेंजवर .२२ रायफल थोडीफार चालवली आणि यंदा नोव्हेंबरातल्या रायफल सीझनसाठी त्यांना मादी एल्कचं (एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) लायसन्स मिळालं आहे. हाताशी चार महिने आहेत. शिकारीला सोबत नेणारे ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी आपली .३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त दारूच्या, जोरकस काडतुसाची) बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खिट्टी, म्हणजे बोल्ट, मागे-पुढे करायची) रायफल स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि मझल ब्रेकसकट (नळीच्या टोकाचा, धक्का कमी करणारा भाग) ९०० डॉलरला द्यायला तयार आहेत. "एल्क दणकट जनावर आहे, मॅग्नमशिवाय जाऊ नये," असं त्यांचं मत. यजमान म्हणतात, एकदाच घ्यायची तर मोठीच घे. बाईंनी त्या रायफलीतून तीन गोळ्या झाडून पाहिल्या. पहिली कागदावर लागली, दुसऱ्या वेळी स्कोपची कड भुवईवर आदळून रक्त आलं, तिसरी कुठे गेली ते कळलंच नाही. नवी घ्यायची तर बजेट १,५०० डॉलर. त्यांची मुख्य भीती अशी की लहान रायफल घेतली आणि जनावर जखमी होऊन पळालं तर काय करायचं?

आधी उत्तर, मग कारणं. ही रायफल घेऊ नका. नव्या बोल्ट-ॲक्शनसाठी तुमचं बजेट पुरेसं आहे, आणि चार महिने सरावाला पुरतील, पण ते याच आठवड्यापासून धरले तर.

जनावर जखमी होऊन पळालं तर, ही तुमची भीती रास्त आहे. रायफल निवडताना तीच सगळ्यात पुढे ठेवायला हवी. मात्र त्या भीतीतून तुम्ही काढलेला निष्कर्ष तपासून पाहू. एल्क पडतो तो दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून गोळी आरपार गेली, रक्तस्राव झाला आणि श्वास तुटला म्हणून. मादी एल्क साधारण सव्वादोनशे किलोची असते. ती आडवी उभी असेल तर पुढच्या पायामागे छातीचा जो भाग नेमाचा असतो, तो जेवणाच्या ताटाएवढा. त्यात योग्य बनावटीची गोळी बसली की ती मॅग्नममधून आली की मध्यम काडतुसातून, यानं परिणामात फारसा फरक पडत नाही. जनावर पन्नास-शंभर यार्ड पळून कोसळतं. तीच गोळी फूटभर मागे, पोटात बसली, तर मॅग्नमची असली तरी जनावर मैलोन्मैल जाऊ शकतं आणि तडफडून मरतं. म्हणजे तुमची भीती खरी ठरण्याचा धोका नेम चुकण्यात जास्त आहे, काडतूस लहान असण्यात कमी.

कायद्याची किमान अट पाहा. कोलोरॅडोत एल्कसाठी सेंटरफायर रायफलीचा (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी) कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, किमान .२४ इंच, नळी किमान १६ इंच, गोळी फुलणारी (लागल्यावर पसरणारी) आणि किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते. ही खालची रेषा आहे, तिला चिकटून जाऊ नये. पण तिच्या वर भरपूर अंतर ठेवूनही आपण मॅग्नमपासून बरेच अलीकडे राहतो.

आता लांबच्या नेमाचं. मॅग्नम "सपाट" जाते असं सहकारी म्हणाले असतील, आणि ते खरं आहे. किती सपाट, तेही मोजू. २०० यार्डांवर झिरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसेल असा स्कोप लावलेली) १८० ग्रेनची .३०० विन मॅग ३०० यार्डांवर सुमारे ७ इंच खाली लागते. तशीच झिरो केलेली १४० ग्रेनची ७ एमएम-०८ रेमिंग्टन या मध्यम काडतुसाची गोळी सुमारे ८ ते ९ इंच खाली लागते. फरक दोन इंचांच्या आत. हा फरक ४०० आणि ५०० यार्डांवर वाढत जातो, पण पहिल्या सीझनला तुम्ही तिथे गोळी झाडणारच नाही आहात. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर मध्यम काडतुसाची गोळी सहा-सात इंच सरकवतो, आणि डोंगरात वारा वाचायला काही वर्षं जातात. तुमची हद्द २०० ते २५० यार्ड धरा. त्या हद्दीत मॅग्नम तुम्हाला कामाचं जवळपास काहीच देत नाही, आणि जे घेते ते बरंच आहे.

घेते म्हणजे धक्का. आठ पौंडांची रायफल धरली तर .३०० विन मॅगचा धक्का सुमारे २७ फूट-पाउंड, बाकीच्या काडतुसांपैकी .३०-०६ चा २०, .३०८ आणि .२७० चा १६-१७, ७ एमएम-०८ चा १३ आणि ६.५ क्रीडमूरचा १२. म्हणजे सहकाऱ्यांची रायफल ७ एमएम-०८ च्या दुप्पट लाथ मारते. नुसत्या दुखण्यानं बिघडत नाही, खांदा आठवड्यात बरा होतो. बिघडतं ते त्यानंतर. गोळी सुटण्याआधीच शरीर धक्क्याची तयारी करायला लागतं. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट चाप हळू दाबायच्या ऐवजी हिसकतं. नळी खाली जाते आणि गोळी जमिनीत किंवा पोटात. तुमची तिसरी गोळी बहुधा अशीच गेली. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिचा धीटपणाशी काही संबंध नाही. एकदा अंगात मुरली की ती काढायला महिने लागतात, म्हणून ती मुळात मुरूच द्यायची नाही.

मझल ब्रेक धक्का बराच कमी करतो हे खरं, कित्येकदा तिसऱ्या हिश्शापेक्षाही जास्त. पण तो नळीतला वायू बाजूला आणि मागे फेकतो, आणि आवाज थेट तुमच्या व शेजारच्याच्या कानावर येतो. ब्रेक नसलेल्या रायफलीचा आवाजही १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वर एका गोळीनेही ऐकू येण्याची कायमची हानी होऊ शकते. रेंजवर कानात प्लग आणि वर मफ घालता येतात. डोंगरात एल्क समोर आल्यावर अनेक जण कान झाकायला विसरतात. ब्रेकवर विसंबलेली रायफल पहिल्या रायफलीसाठी मी सुचवत नाही.

यजमानांचं "एकदाच घ्यायची तर मोठीच" हे आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्यासारखं आहे. रायफलीच्या बाबतीत माणूस मोठ्या काडतुसापर्यंत वाढत जात नाही. अनेक अनुभवी शिकारी उलट मॅग्नमकडून .३०८ कडे परत येतात. पुढे कधी मूझसाठी किंवा अलास्कासाठी मोठं काडतूस हवंसं वाटलं तर तेव्हा घेता येईल, आणि तोवर तुम्हाला चाप दाबायची सवय नीट लागलेली असेल.

एक मधला मार्ग तुमच्या मनात आला असेल: रायफल सहकाऱ्यांचीच घ्यायची आणि हलक्या भाराची काडतुसं वापरायची. अशी काडतुसं निघतात, पण दुकानात मिळतीलच असं नाही, आणि मॅग्नमला .३०८ सारखं चालवायचं असेल तर लांब, जड मॅग्नम डोंगरात का वाहायची? शिवाय तो स्टॉक तुमच्या मापाचा नाही. तुमची भुवई फुटण्यामागे मुख्य कारण तेच असावं.

मापाची गोष्ट धक्क्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. चापापासून स्टॉकच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींचं ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, म्हणजे साधारण पावणेसहा फुटी पुरुषाच्या बेताचं. तुमच्या उंचीला साडेबारा ते तेरा इंच बरं पडेल. स्टॉक लांब असला की माणूस मान पुढे ताणतो, खांद्याचा टेकू सैल राहतो, रायफल मागे येते आणि स्कोपची कड भुवईवर बसते. तुमच्या डोळ्यापासून स्कोपपर्यंत साडेतीन-चार इंच अंतर सतत राहायला हवं. दुकानात जाताना नोव्हेंबरात घालणार आहात ते जाड जॅकेट घालून जा, कारण त्यानं मापात अर्धा इंच सहज वाढतो. विक्रेत्याकडून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करून घ्या, सुरक्षित दिशेला नळी ठेवून डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. मान न हलवता स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जुळतंय. काळी कड दिसत असेल किंवा मान पुढे-मागे करावी लागत असेल तर ती रायफल तुमच्यासाठी नाही, कितीही सुंदर असली तरी.

त्याच वेळी तुमचा प्रबळ डोळा कोणता तेही पाहून घ्या. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटं भोक करा, त्यातून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघतो, असं बऱ्याचदा होतं. तसं असेल तर डाव्या बोल्टची रायफल घेण्याचा विचार करा. सॅव्हेज, टिक्का अशा कंपन्या तशा रायफली बनवतात.

काडतुसाचा माझा कौल ७ एमएम-०८ रेमिंग्टनला, १४० ग्रेनच्या गोळीसह. हे १९८० चं काडतूस .३०८ च्याच पुंगळीला बारीक मान देऊन केलेलं आहे. २० इंची नळीतूनही गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी निघते आणि ३०० यार्डांवर २,००० फुटांच्या वर राहते. बहुतेक शिकारी गोळ्यांना नीट फुलायला १,८०० ते २,००० फूट लागतात, म्हणजे तुमच्या हद्दीत भरपूर मोकळीक आहे. अडचण एकच: दुकानाच्या फळीवर त्याचे प्रकार कमी मिळतात. म्हणून रायफल पसंत करण्याआधी जवळच्या दोन-तीन दुकानांत तेच काडतूस किती आहे ते विचारा, आणि मिळालं तर सीझनभराचा साठा एकदम घ्या. मिळत नसेल तर ६.५ क्रीडमूर घ्या. ते सगळीकडे मिळतं आणि धक्का आणखी कमी. मात्र एल्कवर मी त्याची हद्द कडक ठेवेन: २५० यार्ड, आडवं उभं जनावर, बाकी कुठलाच कोन नाही. .३०८ हा तिसरा पर्याय. जास्त धडधाकट शरीराच्या किंवा आधीपासून रायफल चालवणाऱ्या वाचकांसाठी मी तो पहिला ठेवला असता, आणि .३०-०६ लाही माझा अजिबात विरोध नाही. १९०६ पासून त्यानं असंख्य एल्क पाडले आहेत.

गोळीची बनावट कॅलिबरपेक्षा महत्त्वाची. एल्कच्या खांद्याचं हाड जाड असतं. साधी शिसं-तांब्याची गोळी वेगात जवळून लागली तर हाडावर फुटून वरवरच थांबू शकते. म्हणून बाँडेड म्हणजे शिसं तांब्याच्या आवरणाला जोडलेली गोळी घ्या, किंवा नॉस्लर पार्टिशनसारखी आत पडदा असलेली, किंवा संपूर्ण तांब्याची. घरी मांस शिजवणार असाल, तेही मुलाबाळांना, तर संपूर्ण तांब्याची गोळी मी पुढे ठेवेन, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात आणि धुऊन जात नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. त्यामुळे तांब्यात १२० ते १४० ग्रेन पुरे.

आता रायफल. बोल्ट-ॲक्शनचा गाभा साधा आहे: बोल्टच्या टोकावरचे लग (कानासारखे उभार) चेंबरच्या मागे खाचेत फिरून अडकतात आणि स्फोटाचा दाब पेलतात. दाब थेट पोलादावर जातो, हलणारे भाग कमी, म्हणून चिखल-बर्फात बिघडण्याच्या जागाही कमी. माउझर ९८ च्या घाटाच्या रायफलींत, उदाहरणार्थ विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये, मोठी नखासारखी पट्टी काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडते. बाकीच्या बहुतेक आधुनिक रायफलींत बोल्ट काडतूस नुसतं ढकलतो आणि बोल्ट पूर्ण बंद होताना एक छोटा आकडा त्याच्या कडेवर बसतो. सिंह, अस्वल अशा उलटून येणाऱ्या जनावरांसाठी पहिल्या प्रकाराचा आग्रह धरला जातो. एल्कसाठी दुसरा प्रकार बिनधास्त घ्या, स्वस्तही पडतो.

दुकानात बोल्ट स्वतः चालवून पाहा. गोळी सुटल्यावर जनावर उभं असेल तर दुसरी गोळी लगेच झाडायची असते, आणि त्यासाठी रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट वर-मागे-पुढे-खाली झाला पाहिजे. ६० किंवा ७० अंश उचलावा लागणारा बोल्ट ९० अंशांच्या बोल्टपेक्षा स्कोपखालून सहज निघतो, पण उचलायला जरा जास्त जोर लागतो. तुमच्या मनगटाला कोणता जमतो ते हातानेच कळेल. सेफ्टीकडे लक्ष द्या. मला मॉडेल ७० सारखी तीन जागांची सेफ्टी आवडते, कारण मधल्या जागी बोल्ट उघडून काडतूस काढता येतं आणि तरीही चाप दाबला तर गोळी सुटत नाही. ज्या दोन जागांच्या सेफ्टीत बोल्टही अडकून राहतो, त्यात रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागते. म्हणून त्या वेळी नळी कुठे आहे याची दुप्पट काळजी. चाप अडीच ते साडेतीन पौंडांच्या दाबाने सुटणारा असावा. त्याहून हलका थंडीत, हातमोजे घातल्यावर धोक्याचा.

स्टॉक आणि नळी यांच्यामध्ये नोटेच्या जाडीचा कागद सरकवत मागे न्या. तो अडला तर नळी कुठेतरी टेकते आहे. तापल्यावर किंवा ओल आल्यावर तिचा नेम सरकेल. रायफल, स्कोप, पट्टा आणि काडतुसं मिळून साडेसात-आठ पौंडांच्या आसपास ठेवा. सहा पौंडांच्या "माउंटन" रायफली हातात घेतल्या की मोह होतो, पण हलकी रायफल त्याच काडतुसात जास्त लाथ मारते आणि धाप लागलेली असताना हातात थरथरते.

या सगळ्यात बसणारी नावं विचारलीत तर टिक्का टी३एक्सची कॉम्पॅक्ट आवृत्ती, वेदरबी व्हॅनगार्ड कॅमिला आणि स्टॉकची लांबी बदलता येणारी सॅव्हेज ११० आधी पाहा. रुगर अमेरिकनची कॉम्पॅक्ट सर्वांत स्वस्त आणि नेमाला उत्तम, फक्त ती हलकी असल्याने जास्त उसळते. तुमच्या काडतुसात कोणती उपलब्ध आहे त्यावर अंतिम निर्णय ठरेल.

पैशांची वाटणी अशी करा: रायफल ८०० पर्यंत, स्कोप ३००, बेस-रिंग (स्कोप रायफलीवर धरणारे भाग) आणि बसवणं ७०-८०, उरलेले सव्वातीनशे काडतुसांना आणि कान झाकायच्या साधनांना. रायफलीवर १,३०० आणि काडतुसांवर उरलेले, अशी उलटी वाटणी बऱ्याच जणांची होते, आणि मग नोव्हेंबरात हातात सुरेख रायफल असते, सराव नसतो. स्कोप ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर काचेचा) पुरे. सहकाऱ्यांच्या ४-१६ मध्ये झाडीत चाळीस यार्डांवरचा एल्क शोधायला गेलात तर नुसती फर दिसेल. चालताना स्कोप कायम सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा.

स्कोप बसवताना होणारी चूक म्हणजे बेसचे स्क्रू नुसते हाताने आवळणं. ते धक्क्याने सैल होतात आणि नेम हळूहळू सरकतो, लोक मात्र रायफलीला आणि गोळीला दोष देतात. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) वापरा. रिंगच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पौंड, बेसला आणि ॲक्शनच्या स्क्रूंना कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा. स्कोप पुढे-मागे सरकवून जागा ठरवताना पालथं झोपूनही पाहा, कारण त्या स्थितीत डोळा सगळ्यात पुढे जातो आणि भुवया तिथेच फुटतात.

झिरो करायला सुरुवात २५ यार्डांपासून. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहा, स्कोप त्याच बिंदूवर आणा, मग एक गोळी. पाव मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचं माप) क्लिकचा स्कोप १०० यार्डांवर एका क्लिकला पाव इंच हलतो, २५ यार्डांवर त्याच्या चौथाई, म्हणजे तिथे एक इंच हलवायला १६ क्लिक. मधोमध लागलं की १०० यार्डांवर जा, तीन गोळ्यांचा गट घ्या, नळी गार होऊ द्या, गटाच्या मध्यावरून दुरुस्ती करा. एकाच गोळीवर कधी दुरुस्ती करू नका. १०० यार्डांवर दोन इंच वर बसवा, म्हणजे २०० ला मधोमध येईल, आणि तसं येतंय हे २०० वर झाडून पाहा. काडतुसाचा ब्रँड किंवा गोळी बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

सरावाचं वेळापत्रक जुलै ते ऑक्टोबर. पहिला महिना फक्त .२२, आठवड्याला ५०-६० गोळ्या. सोबत घरी रोज दहा मिनिटं कोरा सराव: काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेलं, नळी सुरक्षित दिशेला, आणि चाप दाबताना क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) हलतंय का ते पाहायचं. त्यानंतर नवी रायफल, पण एका वेळी १५ गोळ्यांच्या वर नाही. दर वेळी कोणाला तरी मॅगझिनमध्ये तुम्हाला न सांगता एखादं डमी काडतूस मिसळायला सांगा. डमीवर चाप दाबताना नळी खाली झुकली तर दचकण्याची सवय लागते आहे, लगेच .२२ वर परत जा.

बेंचवर बसून झाडण्याचा काळ झिरोपुरता. डोंगरात बेंच नसतो. पाठपिशवीवर टेकून पालथं, गुडघ्यांवर कोपरं ठेवून बसून, काठ्यांच्या आधाराने गुडघ्यावर, अशा स्थितींत नऊ इंची कागदी प्लेट लावून सराव करा. ज्या अंतरावर त्या स्थितीत पाचपैकी पाच गोळ्या प्लेटवर बसतात, ती त्या स्थितीची तुमची हद्द. ती १५० यार्ड निघाली तर नोव्हेंबरातही १५०च. अंतर रेंजफाइंडरने मोजा, आणि तीव्र उतारावर आडवं अंतर दाखवणारा घ्या. नजरेचा अंदाज डोंगरात फसतो.

प्रत्यक्षात नेम कुठे धरायचा: जनावर आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश वर. थोडं पाठमोरं तिरपं असेल तर पलीकडच्या पुढच्या खांद्याकडे जाणारी रेषा मनात काढून नेम धरा. समोरून किंवा पूर्ण मागून झाडू नका. गोळी सुटल्यावर बोल्ट चालवा, जनावर उभं असेल तर पुन्हा झाडा. नजरेआड झालं तर अर्धा तास थांबा, मग शेवटच्या जागेवरून रक्ताचा माग घ्या. लगेच धावत गेलात तर बसलेलं जनावर उठून दूर जातं.

खरेदीच्या कायद्यातल्या काही गोष्टी, कारण असंच पत्र लिहिणारे इतरही आहेत. तुमचं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे रायफल घेण्याला अडचण नाही, दुकानात फॉर्म भरताना एलियन नंबर लागेल. एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र फेडरल कायद्याने बंदूक बाळगणंच मुळात बंद आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. लायसन्स हातात येण्याआधी मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही त्यांना महागात पडू शकतं. कोलोरॅडोत २०१३ पासून खासगी विक्रीलाही परवानाधारक डीलरमार्फत तपासणी लागते, म्हणजे सहकाऱ्यांशी नुसता पैशांचा व्यवहार करून रायफल घरी आणता आली नसती. १ ऑक्टोबर २०२३ पासून रायफल हातात मिळायला तीन दिवसांची प्रतीक्षाही आहे. घरी मुलं असतील तर रायफल कुलपात ठेवणं हा कायदाच आहे. गाडीत नेताना चेंबर रिकामं, आणि शिकारीच्या वेळी कमरेच्या वरच्या अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी आणि त्याच रंगाची टोपी.

सहकाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, यात तुम्ही उगाच अडकला आहात असं मला वाटतं. त्यांना खरं कारण सांगा: स्टॉक मोठा पडतो, धक्क्याने नेम बिघडतो आणि जनावर जखमी करायचं नाही. चांगला शिकारी यावर रागावत नाही. उलट त्यांच्याकडून जास्त मोलाचं मागून घ्या. सप्टेंबरात एकदा रेंजवर सोबत यायला सांगा, माग कसा काढतात ते विचारा, एल्कचे चार भाग करून मांस डोंगरातून खाली कसं आणायचं ते शिका. सव्वादोनशे किलोचं जनावर पडल्यावर खरं काम तिथून सुरू होतं, आणि कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे अशी शिकार बंद आहे. पत्रातल्यासारखा पीकसंरक्षणाचा परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. आणि पत्र लिहिणाऱ्या तुम्हाला एक शेवटची सूचना. शिकारीची पाठपिशवी, जॅकेट आणि पट्टा भारतभेटीच्या सामानापासून कायम वेगळे ठेवा. डिसेंबरात मुंबईला उतरताना किंवा परतताना खिशात विसरलेलं एक जिवंत काडतूसही विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून सीझन संपल्या दिवशीच सगळे खिसे उलटे करून काडतुसं मोजून पेटीत ठेवा.